चंदेरी रंगाखालचे पाते

आमच्या घरी दसऱ्याला पाटावर दोनच शस्त्रे मांडली जातात: माझे फाउंटन पेन आणि पणजोबांचा सुरा. पणजोबा एका लहानशा संस्थानात कारकून होते. त्यांनी हयातीत बोरूखेरीज दुसरे काही उपसले असेल असे वाटत नाही. पण सुरा आहे, वीतभर पात्याचा, पाठीला जाड. मला आठवते तसा त्यावर चंदेरी रंग आहे. वडील दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक हात फिरवीत. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. स्नेहसंमेलनाच्या नाटकात आम्ही शिवाजीच्या हाती जी लाकडी तलवार देतो, तिचा रंगही ह्याहून बरा म्हणावा अशी त्याची दशा झाली होती.

गेल्या वर्षी दसऱ्याला कुंकू पुसताना मुठीजवळचा नखाएवढा पोपडा निघाला. खाली करड्या पोलादावर बारीक नागमोडी रेषा दिसल्या, जशा रंधा मारलेल्या सागाच्या फळीवर दिसतात. मी भिंग आणले. आणि मग त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ह्या रेषा कशाच्या असू शकतील हे मला ठाऊक होते.

दक्षिण हिंदुस्थानात शतकानुशतके एक पोलाद होत असे. लोखंडाचे तुकडे, थोडे लाकूड आणि पाने मातीच्या मुशीत घालायची, तोंड मातीने लिंपायचे आणि कोळशाच्या भट्टीत तासन् तास भाता चालवायचा. मूस फोडली की आत पोलादाची वडी. म्हैसूर, सालेम आणि तेलंगणातील कोनसमुद्रम ही त्याची ठिकाणे. गोवळकोंड्याकडचे हे पोलाद इराणात जाते आणि तेथे त्याची नक्षीदार पाती होतात, असे सतराव्या शतकात ताव्हर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे. जगाने त्या पात्यांना दमास्कसचे नाव दिले. माल आपला आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट काही नवी नव्हे. रेषांना फारशीत जौहर म्हणतात. राजपूत स्त्रियांच्या जोहाराशी त्याचा काही संबंध नाही.

मुंबईचा ह्या कथेत मोठा वाटा आहे. कंपनी सरकारचे एक डॉक्टर, हेलेनस स्कॉट, मुंबईस होते. त्यांनी 1794 साली ह्या पोलादाच्या वड्या लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांच्याकडे पाठविल्या. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन ह्यांनी त्यावर निबंध वाचला आणि मुंबईत ह्याला ‘वूट्झ’ म्हणतात असे नोंदविले. हा शब्द कानडी ‘उक्कु’चा अपभ्रंश असावा. स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-वस्तरे करणाऱ्या कारागिराने त्यातून एक चाकू घडविला. तो इतका खूष झाला की, पुढे त्याने दुकानाच्या जाहिरातपत्रावरच छापले: हिंदुस्थानचे हे पोलाद मला युरोपातील उत्तमात उत्तम पोलादाहून पसंत आहे.

ह्याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकेल फॅरडेने ह्या पोलादाचे कोडे सोडवायला घेतले. फॅरडे लोहाराचा मुलगा. त्याला ह्यात रस वाटावा हे साहजिकच. 1820 आणि 1822 साली दोघांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. गुण ॲल्युमिनियमच्या अंशाने येतो असा फॅरडेचा तर्क होता आणि तो चुकला. पॅरिसच्या टांकसाळीतील ब्रेआंने पुढे कार्बनकडे बोट दाखविले, ते बरोबर होते. ह्या पोलादात कार्बन शेकडा दीडच्या आसपास असतो. त्याचे कठीण कण ओळीने बसतात आणि त्या ओळी म्हणजेच रेषा. पण कण ओळीतच का बसतात? त्याला 1998 साल उजाडावे लागले. व्हर्हूवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार, अशा दोघा अमेरिकनांनी दाखविले की, मूळ धातुकात व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अगदी अल्प अंश असला तरच हे घडते. पंडित आणि लोहार एका भट्टीपाशी उभे राहिले तेव्हा उत्तर निघाले, हे मला फार आवडते.

तर मे महिन्याच्या सुट्टीत मी सुरा खाली काढला. आत्या म्हणाली, “देवापुढच्या शस्त्राचा रंग खरवडू नकोस. दादाने लावलाय तो.” आत्यांच्या बोलण्याला घरात मान आहे, पण त्या दिवशी मी ऐकले नाही.

प्रथम मी तो शाळेजवळ चाक घेऊन बसणाऱ्या शिकलगाराकडे नेला. ‘शिकल’ म्हणजे पात्याला झळाळी आणणे, म्हणून शिकलगार. 1878 च्या हत्यारांच्या कायद्यानंतर लोकांच्या घरातली शस्त्रे गेली आणि ह्या मंडळींच्या हाती विळ्या आणि कात्र्या उरल्या. म्हातारबाबांनी सुरा उलटसुलट केला आणि परत दिला. “चाकावर नाही धरायचा, मास्तर. तापेल. हातानंच घासा, तेल टाकून, लांबीच्या दिशेनं.” पैसे घेतले नाहीत.

रंगाच्या दुकानात रंग उतरविण्याचे औषध मिळते. ते फासले की थोड्या वेळाने रंग सुरकुततो आणि लाकडी पट्टीने साईसारखा निघतो. लोखंडी पट्टी वापरू नये, ओरखडे पडतात. एकेका दसऱ्याचा थर निघत होता. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी डोके दुखले. मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश कागद गुंडाळून, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आठ दिवस घासले. घाई करणाराचे हे काम नव्हे. कागद बदलताना आधीचे ओरखडे पुरते गेले की नाही ते पाहावे लागते. एक राहिला तरी शेवटी तोच चमकतो.

एवढे करून पाते नुसते आरशासारखे झाले. रेषा नाहीशा! हे अपेक्षित होते, तरी पोटात गोळा आला. जौहर घासून दिसत नाही, उलट लपतो. पण तो अंगातच असतो, आणि सौम्य आम्लाने वर येतो. जुने कारागीर पाते चुन्या-राखेने पुसून, तेलाचा अंश घालवून, हिराकशीच्या जातीच्या क्षारांचे पाणी लावीत. मला आमच्या विज्ञानशिक्षकांनी फेरिक क्लोराइडचे पातळ द्रावण करून दिले. कापसाचा बोळा फिरविला. पोलाद काळवंडले आणि त्या काळोखातून पांढऱ्या रेषा एकेक करून उमटल्या.

मुठीपासून अर्ध्या पात्यापर्यंतच. पुढचा अर्धा भाग सपाट करडा राहिला. मी तीनदा बोळा फिरविला. तो कोराच होता.

कारण मला माहीत होते. मी अकरा वर्षांचा असताना ह्याच सुऱ्याने आंब्याची पेटी उचकटली होती आणि टोक वाकविले होते. घरी कुणाला न सांगता लोहाराकडे नेला. त्याने टोक पिवळेधमक होईतो तापविले, ठोकून सरळ केले, दगडावर घासून दिले. त्याचा काय दोष? हे पोलाद फार तापले की कार्बनचे ते कण लोखंडात विरघळतात आणि रेषा पुसल्या जातात. मी सुरा जागेवर ठेवला. पाते काळेनिळे पडले होते, पण वडील काही बोलले नाहीत. त्या दसऱ्याला ते बाजारातून चंदेरी रंगाचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, “गंज चढतो हल्ली.”

त्याआधी रंग नव्हता. हे मी इतकी वर्षे विसरलो होतो. सर्वांत खालचा थर काढताना पुढच्या अर्ध्यावर भट्टीची काळी पापडी तशीच होती. तिच्यावरूनच त्यांनी कुंचला फिरविला होता.

मी पाते सोड्याच्या पाण्याने धुतले, कोरडे केले, शिवणयंत्राचे तेल लावले. आत्याला दाखविले. तिने मुठीकडच्या रेषांवरून बोट फिरवले, मग पुढच्या कोऱ्या भागावरून, आणि विचारले, “इथं काय झालं?” मी सांगितले. ती म्हणाली, “दादाला ठाऊक होतं. लोहारानंच येऊन सांगितलं होतं, पैसे मागायला.”

यंदा सुरा तसाच पाटावर मांडायचा आहे. कुंकू लगेच पुसून तेलाचा हात द्यायचा, नाहीतर ओल धरेल. ते काम आत्याने आपल्याकडे घेतले आहे.