देवनळ आणि टेक्ससचे ओढे

उत्तर टेक्ससातील प्लेनो या नगरीत विद्यालयीन वाद्यवृंदाच्या तालमीला निघालेल्या मराठी मुलाच्या क्लॅरिनेटला जी पातळ पत्ती बसविलेली असते, ती बहुधा देवनळाच्या कांडातून घडलेली असते. आणि आपल्या पाणथळींच्या काठी वाढणारे हे उंच तृण पेशवाईतील कारकुनांच्या बोरूचे सगोत्र होय. दक्षिण फ्रान्सच्या वार प्रांतातील देवनळ यासाठी विशेष नावाजलेला. सुमारे दोन वर्षांचे कांड हिवाळ्यात तोडावे, सुवर्णवर्ण येईतो उन्हात ठेवावे, चार फाका करून तासावे आणि अग्र इतके तलम करावे की श्वासासरशी ते कंप पावेल, असा हा धीराचा व्यवसाय आहे.

टेक्सस सरकारच्या दफ्तरी मात्र याच देवनळाची नोंद उपद्रवी वनस्पती म्हणून झालेली आहे, आणि ती यथार्थ आहे. छपरे शाकारण्यासाठी व बांध राखण्यासाठी स्पॅनिश वसाहतवाल्यांनी अमेरिकेत आणलेल्या या तृणाला तेथे रुजणारे बी धरत नाही. परंतु पुरात तुटलेला मुळाचा तुकडा खालच्या काठी अडकला, की तेथे नवे बेट उभे राहते. रिओ ग्रांदेच्या काठी त्याचा असा अंमल बसला, की त्याला आवर घालण्यासाठी 2009 साली परदेशी गांधीलमाशीची एक सूक्ष्म जात सोडावी लागली.

त्या भूमीची स्वतःची वेळूजात निराळी होती. प्लेनो ज्या कॉलिन परगण्यात वसले, तेथे पूर्वी वावरणारे कॅडो लोक नदीकाठचा देशी वेळू चिरून, आपल्या बुरुडांप्रमाणे, त्याच्या चटया व टोपल्या विणीत. 1841 मध्ये टेक्सस प्रजासत्ताकाने या भागात कुटुंबे वसविण्यासाठी पीटर्स वसाहतीचा करार केला, कुटुंबामागे 640 एकरांपर्यंत जमीन मिळू लागली, आणि नांगर व गुरे यांच्यापुढे अमेरिकेच्या दक्षिणेतील वेळूची बने झपाट्याने विरळ झाली; 1859 मध्ये कॅडोंनाही टेक्सस सोडावे लागले. विणणारे हात आणि विणण्याचे द्रव्य दोन्ही एकाच पिढीत दूर व्हावीत, ही हानी कोणत्याही करारनाम्यात मोजलेली नाही.

म्हणून प्लेनोतील मराठी गृहस्थांना एवढीच विनंती, की मुलांच्या वाद्याला पत्ती खुशाल फ्रान्सची घ्यावी. परंतु तेथील रोलेट ओढ्याच्या आसपास राहणाऱ्यांनी शोभेसाठीसुद्धा अंगणात देवनळ लावू नये.