तारीख नसलेली गळती : ग्रीनपॉइंटच्या जमिनीखालचे शतक
१/ इतिहासाच्या अभ्यासकाला तारखेची ओढ असते. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन वाल्डेझ' हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात गेले. ही घटना सर्वांना ठाऊक आहे. याहून मोठी एक गळती न्यूयॉर्क शहराच्या पोटात झाली. तिला मात्र तारीखच नाही. आजचा थ्रेड तिच्याविषयी.

२/ स्थळ : ब्रुकलिनच्या उत्तर टोकाचा ग्रीनपॉइंट हा भाग. त्याच्या कडेने न्यूटाउन क्रीक ही अरुंद खाडी ईस्ट रिव्हरला जाऊन मिळते. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागले आणि दिव्यांच्या तेलाचा धंदा फोफावला. बंदराच्या सोयीमुळे १८७० पर्यंत या खाडीच्या काठांवर पन्नासहून अधिक शुद्धीकरण कारखाने उभे राहिले.

३/ १८९२ पर्यंत यांतील बहुतेक कारखाने रॉकफेलरच्या 'स्टँडर्ड ऑइल'च्या छत्राखाली आले. त्या काळात अमेरिकी तेलाचे डबे मुंबईच्या बंदरातही उतरत. 'रॉक ऑइल'चे मराठीत 'रॉकेल' झाले, ते याच युगाचे देणे. १९११ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले. ग्रीनपॉइंटचा वारसा न्यूयॉर्कच्या शाखेकडे गेला; हीच शाखा पुढे 'मोबिल' झाली.

४/ मग तेल सांडले केव्हा? रोज. टाक्यांच्या सांध्यांतून, जमिनीखालच्या नळांतून, भरताना, उपसताना, आगी लागल्यावर. शिवाय रॉकेलच्या युगात पेट्रोलसारख्या हलक्या तेलांना फारसा भाव नव्हता. टाकाऊ वस्तू जपण्याची कोणाला निकड नसते.

५/ ऑक्टोबर १९५० मध्ये जमिनीने पहिली मोठी सूचना दिली. भूमिगत गटारात साचलेल्या वाफांचा स्फोट झाला आणि रस्त्यावरची पंचवीस जड लोखंडी झाकणे हवेत उडाली. तरीही जमिनीखाली काय आहे याचा समग्र शोध कोणी घेतला नाही. १९६६ मध्ये मोबिलचे तिथले शुद्धीकरण थांबले.

६/ २ सप्टेंबर १९७८. गस्तीवरच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून खाडीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला. बुडालेले जहाज नाही, फुटलेला नळ नाही. तेल काठाच्या मातीतूनच झिरपत होते. येथून खरी चौकशी सुरू झाली.

७/ अशी चौकशी कशी होते? जागोजागी अरुंद निरीक्षण विहिरी खोदतात. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते झिरपत खाली जाते आणि भूजलाच्या माथ्यावर तरंगत राहते. विहिरीत मोजपट्टी सोडून तेलाच्या थराची जाडी मोजतात आणि सर्व विहिरींची मापे जुळवून नकाशा काढतात. येथे सावधगिरी हवी : विहिरीत दिसणारा थर हा मातीतल्या थराहून बरेचदा जाड असतो. साधन खरे असले तरी ते जसेच्या तसे वाचता येत नाही, हे आपल्याला बखरींनीही शिकवले आहे.

८/ १९७९ चा निष्कर्ष : पन्नासहून अधिक एकर जमिनीखाली सुमारे १ कोटी ७० लाख गॅलन तेल. पुढे ३ कोटी गॅलनपर्यंतचे अंदाजही मांडले गेले.

९/ या तेलाचे वय कसे ठरवायचे? उत्खननात थराचा काळ नाण्यावरून ठरवतात, तसे येथे रसायने बोलतात. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा १९२३ मध्ये सुरू झाली. म्हणून नमुन्यात ते सापडले, तर त्यातले निदान काही पेट्रोल १९२३ नंतरचे. नॅफ्था, पेट्रोल, इंधन तेल यांची रासायनिक ठेवणही वेगवेगळी असते.

१०/ पाण्यालाही इतिहास असतो. ब्रुकलिनने विहिरींतून इतके पाणी उपसले की १९३० च्या दशकात भूजल काही ठिकाणी समुद्रपातळीच्या खाली गेले व खारे पाणी आत शिरले. सार्वजनिक पुरवठ्यासाठीचा उपसा १९४७ मध्ये थांबला, तशी पातळी पुन्हा वर आली. भूजल जिकडे सरकते, तिकडे त्यावरचे तेलही सरकते. १९७८ चा तवंग समजून घ्यायचा, तर हा पाणीपुरवठ्याचा इतिहासही वाचावा लागतो.

११/ आता दोष कोणाचा? तारीख नाही म्हणून एक अपराधी नाही. मालक बदलले, नावे बदलली. मोबिलने राज्य सरकारशी सफाईचा करार केला तो १९९० मध्ये, तवंग दिसल्यावर बारा वर्षांनी. २००४ मध्ये 'रिव्हरकीपर' ही संस्था न्यायालयात गेली, २००७ मध्ये खुद्द राज्याने दावा लावला. २०१० मध्ये २ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. १९९९ च्या विलीनीकरणामुळे तोवर कंपनीचे नाव 'एक्सॉनमोबिल' झाले होते. अलास्काची आणि ब्रुकलिनची, दोन्ही गळत्या एकाच खातेवहीत आल्या.

१२/ या वस्तीत आता भूजल कोणी पीत नाही. पाणी दूरच्या जलाशयांतून येते. भीती आहे ती मातीतून घरांच्या तळघरांत शिरू शकणाऱ्या बेंझीनसारख्या वाफांची. आजवर एक कोटीहून अधिक गॅलन तेल उपसले गेले आहे. पण कामगारांच्या ज्या पिढ्या त्या जमिनीवर राहिल्या, त्यांना पायाखाली काय आहे हे कोणी सांगितले नव्हते.

१३/ शेवटी एक गोष्ट आपल्या कामाची. एकोणिसाव्या शतकात आगविम्यासाठी 'सॅनबॉर्न' नकाशे काढले गेले. कोणती इमारत लाकडी, कोणती टाकी कुठे, हे त्यांत बारकाईने टिपलेले असे. आज अमेरिकेत जुन्या इंधनस्थळांची तपासणी करणारे भूवैज्ञानिक पहिली विहीर कुठे खोदायची हे ठरवण्यापूर्वी हेच नकाशे उघडतात. कारखाना पाडला जातो, कंपनीची पाटी बदलते. टाकी कुठे होती हे मात्र अभिलेखागारातला कागद सांगतो. ज्या हानीला तारीख नाही, तिची शकावली अशाच कागदांतून जुळवावी लागते, आणि ते काम इतिहासाच्या विद्यार्थ्याला येते.