'एग' की 'आयरेन'? कॅक्स्टनच्या प्रस्तावनेवरील भाष्य

इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली इनियसची कथा फ्रेंचमधून इंग्रजीत आणून छापली. तिच्या प्रस्तावनेत अंड्यांचा एक किस्सा आहे. त्यातील एकेक पद प्रतीक म्हणून घेऊन हे भाष्य.

'थेम्स': व्यापारी थेम्समधून झीलंडकडे, म्हणजे आजच्या नेदरलँड्सकडे निघालेले. वारा पडला म्हणून गलबत भूशिरापाशी खोळंबते. हा किनारा केंटचा मानतात. कॅक्स्टनही केंटचाच, म्हणजे तिथली बोली त्याच्या कानातली.

'शेफील्ड': कापडव्यापाऱ्याचे नाव. नावावरून घराणे उत्तरेकडचे असावे, असा तर्क करता येतो. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात नवव्या शतकापासून डेन लोक वसले होते.

'एग्ज': किनाऱ्यावरच्या बाईकडे तो खायला मागतो, त्यातही अंडी. त्याच्या तोंडचा शब्द डेन लोकांच्या नॉर्स भाषेतून आलेला. इंग्रजीचा घरचा शब्द वेगळा होता. लिहिताना त्याच्या अखेरीस ग-कार असे, पण उच्चार य-कारासारखा होई. मूळ दोघांचे एकच. जुन्या जर्मानिकमधील जोड य-काराचा नॉर्समध्ये कठोर ग झाला, इंग्रजीत तो मऊच राहिला, जर्मन 'आय'मध्येही तसाच. चिथावणे या अर्थाचे इंग्रजी 'एग' क्रियापदही नॉर्सच, परंतु अंड्याशी त्याचे नाते नाही. ते 'धार' या अर्थाच्या शब्दावरून आले. संस्कृत 'अश्रि' हा त्याचा दूरचा सोयरा.

'फ्रेंच': बाई म्हणते, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडतो, कारण फ्रेंच त्यालाही येत नसते. इथे वाचक बाईला हसतात, ते मला मुळीच पटत नाही. गलबतावरून उतरलेला अनोळखी माणूस कधी न ऐकलेला शब्द बोलतो. तो फ्रेंच असावा, हा तिचा कयास रास्तच आहे. शिवाय तिचा शब्द पिढीजात इंग्रजी, उपरा होता तो व्यापाऱ्याचा.

'आयरेन': दुसरा कोणी हे पद उच्चारतो आणि बाईला लगेच उमगते. या पदाची घडण न्याहाळण्यासारखी आहे. अनेकवचनाचा र-कार जुन्या इंग्रजीतच होता. पुढे तो अनेकवचनाची खूण म्हणून जाणवेनासा झाला, तेव्हा त्यावर आणखी 'एन' चढला. एका शब्दावर दोन अनेकवचने! 'चिल्ड्रन' नेमके असेच घडले आहे. डच माणूस अंड्यांना आजही जवळपास 'आयरेन'च म्हणतो. इंग्रजीत मात्र हा शब्द 'कॉकनी'च्या शेवटच्या अक्षरात तेवढा लपून राहिला. 'कॉकनी'चा मूळ अर्थ कोंबड्याचे अंडे. मग लाडावलेले मूल, मग नाजूक शहरी माणूस आणि अखेर अस्सल लंडनकर.

'काय लिहावे': आता लिहिणाऱ्याने कोणता शब्द योजावा, असे कॅक्स्टन विचारतो. हा खरा मुद्रकाचा प्रश्न. नकलनवीस आपल्या मुलखाच्या वळणाने लिहून मोकळा होई. छापील प्रती मात्र शेफील्डच्याही हाती जाणार आणि त्या बाईच्या मुलखातही. कॅक्स्टन इथे निवाडा देत नाही. सोळाव्या शतकात 'एग' सर्वत्र रुळला आणि 'आयरेन' व्यवहारातून गेला.