ठराव, तळं आणि मताचा अधिकार

उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या गावात बोलायचं म्हणजे लोकांना लढाईची गोष्ट अपेक्षित असते. आज मी हात वर करून होणाऱ्या लढाईबद्दल बोलणार आहे. म्हणजे मतदानाबद्दल. विषय संगणकाच्या मुक्त प्रणालींचा आहे, पण सुरुवात इथून जवळच्या महाडपासून करतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला चवदार तळं खुलं केलं. कागदावर काम झालं. तळ्यावर मात्र कोणी पाणी भरू दिलं नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली होती!

आता बघा, पहिला ठराव मतानेच झाला आणि रद्दही मतानेच झाला. प्रक्रिया बिनचूक होती. पण त्या काळी नगरपालिकेचं मत मालमत्ता आणि कराशी बांधलेलं होतं. ज्यांच्या तहानेचा प्रश्न होता, त्यांना त्या मतात फारशी जागा नव्हती.

आता दुसरं गाव. डेबियन ही संगणक प्रणाली १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केली. तिच्यात कुणी मालक नाही. जगभरातले साधारण हजारभर स्वयंसेवक ती चालवतात. १९९८ मध्ये त्यांनी स्वतःची घटना मान्य केली. दरवर्षी प्रमुख निवडतात. मत देताना एका नावावर शिक्का मारत नाहीत, पसंतीक्रम लावतात, आणि ‘यापैकी कोणीही नको’ हाही पर्याय त्यात असतो. साधे निर्णय बहुमताने होतात, पण मूळ तत्त्वांचा कागद बदलायचा तर तिप्पट मतं लागतात. म्हणजे तिथल्या लोकांनी ओळखलंय की काही गोष्टी आजच्या बहुमताच्या हाती सहज द्यायच्या नसतात. शिवाय ज्या परवान्यावर प्रणाली एकदा वाटली, त्या वाटलेल्या प्रतीवरचा हक्क नंतरच्या मतदानाने काढून घेता येत नाही.

तरी भांडणं होतातच. २०१४ मध्ये संगणक सुरू होताना कोणतं साधन वापरायचं यावर तिथे मोठा वाद झाला. तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, तेव्हा अध्यक्षाचं निर्णायक मत वापरावं लागलं. वर्षाअखेर सर्वांचं मतदानही झालं. ज्यांना पटलं नाही, त्यांनी सगळी प्रणाली उचलून ‘डेव्हुआन’ नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. कायदेशीर, उघडपणे.

इथे महाड आणि डेबियन वेगळे होतात. प्रणालीची प्रत काढता येते. हरलेला माणूस प्रत घेऊन निघून जाऊ शकतो. तळ्याची प्रत निघत नाही. हरलेल्याला त्याच तळ्याचं पाणी लागतं. म्हणून तिथला हक्क मतदानाच्या वर नेऊन ठेवावा लागला. त्यासाठी खटला लढावा लागला. उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ ला निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळणारी अनादी परंपरा सिद्ध झालेली नाही. पुढे १९५० मध्ये अंमलात आलेल्या राज्यघटनेने कलम १५ मध्ये विहिरी, तळी आणि स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख केला. सार्वजनिक पाणी आता कुठल्याही नगरपालिकेच्या बहुमतावर अवलंबून राहिलं नाही.

तर मंडळी, पुढच्या ग्रामसभेला हात वर करायच्या आधी तीन प्रश्न विचारा. यादीत कोण आहे, आणि ज्याच्यावर परिणाम होणार तो आहे का? मताला न घालायच्या गोष्टी कोणत्या? आणि हरलेल्याला जायला वाट आहे का? वाट नसेल, तर त्याचा हक्क आधी पक्का करा, मतं नंतर मोजा. महाडला उलटं झालं होतं, आणि ते सुलटं व्हायला फार वर्षं लागली.