मानमोडी, राणीखेत आणि आजीच्या सात कोंबड्या

तुमच्या घरी कधी कोंबड्या असतील तर ‘मानमोडी’ म्हणजे काय हे मी सांगायला नको. सकाळी खुराडं उघडावं तर एखादी कोंबडी मान पिळून, पंख टाकून कोपऱ्यात बसलेली. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी टाकून घेतलेला श्वास. आठवडाभरात खुराडं रिकामं. मी आठवीत असताना आमच्या आजीच्या सात कोंबड्या अशाच गेल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात तिने बाजारातून दोन तलंगा आणल्या होत्या, अगदी स्वस्तात. का स्वस्तात, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

या आजाराचं दुसरं नाव ‘राणीखेत’. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करताना हे नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता पीएच.डी.साठी गावठी कोंबड्यांच्या लसीकरणाचा इतिहास वाचताना लक्षात आलं की गोष्ट या नावातच आहे.

१९२६ साली जावा बेटावर कोंबड्यांच्या एका नव्या साथीची नोंद झाली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल-अपॉन-टाइन या बंदराच्या गावाजवळ तशीच साथ आली. तिथे डॉयल नावाच्या पशुवैद्यकाने तपासून १९२७ मध्ये सांगितलं की ही तेव्हा माहीत असलेली ‘फाउल प्लेग’ नाही. त्याची युक्ती साधी होती. फाउल प्लेगची प्रतिकारशक्ती असलेल्या कोंबड्याही या नव्या आजाराने मेल्या, म्हणजे विषाणू वेगळा. (फाउल प्लेग म्हणजे आजचा बर्ड फ्लू. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) आणि साधारण त्याच सुमारास कुमाऊंमधल्या राणीखेत या छावणीच्या गावात कोंबड्या मरू लागल्या.

राणीखेतच का? माझं मत असं की जवळ मुक्तेश्वर होतं म्हणून. तिथली सरकारी जीवाणू प्रयोगशाळा मुळात आपल्या पुण्याची. १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली, पण इतके संसर्गजन्य जंतू भरवस्तीच्या शहरात सांभाळणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचं मूळ ते हेच. तिथल्या एडवर्ड्स यांनी या साथीचा अभ्यास केला आणि गावाचं नाव आजाराला चिकटलं ते कायमचं. त्याआधी एखाद्या खेड्यात अशाच कोंबड्या मेल्या असतील तर त्या कोण मोजणार? ‘मर आली’ म्हणायचं आणि सोडून द्यायचं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर १८९६ मध्ये कोंबड्यांचा असाच फडशा पडला होता आणि तोही हाच आजार असावा, असं काही अभ्यासकांना पुढे वाटलं. म्हणून ‘१९२६ साली आजार जन्मला’ असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होते. १९२६ साली तो कागदावर आला, एवढं नक्की.

लसही मुक्तेश्वरलाच झाली. १९४० च्या दशकात हॅडो आणि इदनानी यांनी कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्यांमधून विषाणू पुन्हापुन्हा वाढवत नेला, तो सौम्य पडेपर्यंत. हाच ‘मुक्तेश्वर स्ट्रेन’. पण तो लहान पिल्लांना झेपत नाही, साधारण आठ आठवड्यांनंतर टोचतात. पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकायला ‘लासोटा’ किंवा ‘एफ’ वापरतात. त्यातलं लासोटा हे न्यू जर्सीच्या ज्या कोंबडीवाल्याच्या फार्मवर तो विषाणू सापडला त्याचं आडनाव!

मग लस असूनही आजीच्या कोंबड्या का मेल्या?

कारण लस सात कोंबड्यांसाठी बनतच नाही. बाटली सहसा शंभर डोसची किंवा त्याहून मोठी. ती थंडीत जपायची, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवायची. हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी हे सोयीचं आहे. परसातली कोंबडी मात्र त्या हिशोबात कधी नव्हतीच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ‘व्ही-४’ आणि नंतर ‘आय-२’ असे उष्णता बऱ्यापैकी सोसणारे स्ट्रेन तयार झाले ते याच अडचणीवर. टांझानिया, मोझांबिकच्या खेड्यांत आय-२ खूप वापरली गेली.

दुसरं कारण आपल्या देवाणघेवाणीत आहे. परसातल्या कोंबड्या कधी एका घरच्या नसतात. चांगल्या कोंबड्याची अंडी शेजारणीकडून बदलून आणायची, खुडूक कोंबडीखाली ठेवायची. तलंग अर्धलीने द्यायची आणि पिल्लं वाटून घ्यायची. झुंजीच्या असीलची किंवा कडकनाथची हौस असलेले तर जिल्हा ओलांडून अदलाबदल करतात. हे फार सुंदर आहे, आणि विषाणूलाही तेच हवं असतं. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते पंधरा दिवस लागू शकतात. तेवढ्या काळात कोंबडी धडधाकट दिसते, विकलीही जाते. पहिली मेली की उरलेल्या बाजारात नेणाऱ्याला मी वाईट म्हणू शकत नाही. चार पैसे तरी हाती येतात. पण आमच्या त्या दोन तलंगा तशाच आल्या असणार.

आता तो फाउल प्लेग. २००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा आधी वाटलं राणीखेतच आहे. वाटणारच, लक्षणं तशीच. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं की तो एच-५-एन-१ बर्ड फ्लू आहे, भारतातला पहिला. मग फार्मबरोबर घरोघरच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. डॉयलने १९२७ मध्ये सोडवलेला प्रश्न डोळ्यांनी बघून सुटत नाही, प्रयोगशाळाच लागते. म्हणून तुमच्याकडे एकदम तीन-चार कोंबड्या गेल्या तर ‘मानमोडीच असेल’ म्हणून पुरून टाकू नका, कापून तर मुळीच खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि नवी कोंबडी आणलीत तर दोन आठवडे, जमल्यास तीन, वेगळ्या डालग्याखाली ठेवा. तिचं पाण्याचं भांडंही वेगळं.

आजीला हे सगळं मी गेल्या वर्षी सांगितलं. तिने वाडीतल्या सहा घरांना गोळा केलं, एक बाटली मागवली. पहाटे खुराडी उघडायच्या आधीच कोंबड्या धरल्या. एकूण त्रेचाळीस भरल्या. उरलेली लस टाकून द्यावी लागली, त्याची हळहळ ती अजून करते.