मुक्काम कोणाकडे?

ठाकुर्लीत माझ्या खिडकीखालून जाणारे रूळ १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५७ साली, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर पायी उत्तरेला निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार अशी बातमी होती. म्हणजे दक्षिणेची आशा. 'माझा प्रवास' आपण बंडाची हकीकत म्हणून वाचतो. मीही वीसेक वर्षे तसाच वाचला. अलीकडे मात्र वहीत एकच रकाना भरत असतो : मुक्काम कोणाकडे?

(वाचायचा तर पोतदारांनी १९६६ साली काढलेला मूळ पाठ वाचावा. आमच्या कल्याणच्या चिं. वि. वैद्यांनी गोडसे भटजींकडून हे लिहवून घेतले, १९०७ साली छापले, हे उपकारच. पण छापताना त्यांनी मजकुरावर हात फिरवला.)

त्या रकान्यात धर्मशाळा आहेत, देवळे आहेत. पण जिथे पाय टिकला तिथे आधी ओळख निघालेली दिसते. याचे कारण पेशवाईत आहे. मराठी फौजांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, आश्रित अशी घरे ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त, काशीपर्यंत वसली होती. राज्य गेले तरी ही घरे राहिली. कोकणातून आलेला भटजी त्यांना हवाच असे. तो धर्मकृत्य करी आणि देशाकडची खबर आणी. पाहुणा फुकट जेवत नव्हता. आजच्या 'होमस्टे'वाल्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. हे दार आडनाव आणि जात विचारून उघडे. त्याच वाटेने एखादा महार गृहस्थ निघाला असता, तर या साखळीतली एकही ओसरी त्याची नव्हती. आणि ओळखीने जीव वाचला तरी पैसा वाचला नाही. झाशी पडली तेव्हा गोडसे शहरात होते. लुटीत कमाई गेली. घरी आली ती गंगेची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.

गेल्या वर्षी आम्ही चौघे वरसईला गेलो. हॉटेल शोधले नाही. एका ओळखीच्याच्या ओळखीने एका घरी दोन रात्री राहिलो. दारातच प्रश्न आला, "कुठले तुम्ही? कोणापैकी?" दीडशे वर्षांत प्रश्न बदललेला नाही, आमच्या चौघांत चार जाती होत्या आणि ताटे एका ओळीत मांडली गेली, एवढा बदल मात्र झाला.

नवी मुंबईच्या पाण्यासाठी बाळगंगेवर धरण बांधायला घेतले, त्याच्या बुडित क्षेत्रात वरसई येते. धरण अर्धवट, पुनर्वसनही अडलेले. ओटीची भिंत दोन ठिकाणी उकलली होती. डागडुजी का करत नाही, असे मी यजमानांना विचारले.

"कशासाठी?" ते म्हणाले, आणि चहा पुढे केला.