अकरा टक्क्यांचा शुक्रवार

21 सप्टेंबर 2018. अनंत चतुर्दशी दोन दिवसांवर आली होती. त्या शुक्रवारी डोंबिवली-ठाणे पट्ट्यात शेअरचे दर पाहणाऱ्या अनेकांना मोबाइल बिघडला असे वाटले असेल. मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरकर्ज देणाऱ्या दिवाण हाउसिंग फायनान्सचा शेअर दिवसअखेर 42 टक्क्यांहून अधिक कोसळला होता.

ठिणगी पडली ती कर्जबाजारात. डीएसपी म्युच्युअल फंडाने कंपनीचे सुमारे 300 कोटींचे कमर्शियल पेपर, म्हणजे वर्षाच्या आत फेडायचे कर्जरोखे, घेणाऱ्याला 11 टक्के परतावा मिळेल इतक्या कमी भावात विकल्याची बातमी आली. आयएल अँड एफएसने देणी थकवल्यामुळे बाजार आधीच धास्तावलेला होता. दिवाणचे पतमानांकन मात्र ‘ट्रिपल ए’च होते!

शेअरवाला नफ्याची स्वप्ने पाहतो. कर्ज देणाऱ्याला कितीही भरभराट झाली तरी ठरलेल्या व्याजापलीकडे काही मिळत नाही, म्हणून त्याचे लक्ष बुडण्याकडे. रॉबर्ट मर्टन यांनी 1974 साली हे गणितात मांडले: कर्ज फेडून जे उरेल ते भागधारकाचे. म्हणून कर्जाचा दर चढला की शेअरवाल्याने कान टवकारावेत.

पण इथे एक गोम आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. फंडाचे म्हणणे होते की विक्री व्याजदरांच्या अंदाजामुळे केली, कंपनीवर अविश्वास म्हणून नव्हे. तरी घबराट पसरली. घरकर्ज पंधरा-वीस वर्षांचे आणि त्यासाठी उचललेल्या पैशांतला काही भाग काही महिन्यांचा. असा धंदा रोज नव्या उसनवारीवर चालतो. उसने देणारे घाबरले की कंपनी खरोखरच अडचणीत येते. मग 11 टक्के हा ताप मोजणारा थर्मामीटर होता की तापच? मला दोन्ही वाटते. पुढे कंपनीच्या हिशेबांतल्या गंभीर गैरव्यवहारांचे आरोप बाहेर आले, तेव्हा निव्वळ घबराट म्हणून हात झटकता येत नाहीत.

जून 2019 मध्ये व्याज थकल्यावर मानांकन ‘डी’वर आले. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले.

कल्याणच्या सामान्य ठेवीदाराला कमर्शियल पेपरचे सौदे दिसत नाहीत. त्याला दिसतो तो बँकेपेक्षा जास्त व्याज देणाऱ्या कंपनीच्या ठेवीचा दर, आणि तो त्याला बक्षीस वाटतो. 2021 मध्ये पिरामल समूहाने दिवाण ताब्यात घेतली, तेव्हा भागधारकांच्या हाती शून्य आले. मोठ्या ठेवी ठेवणाऱ्यांनाही पूर्ण रक्कम मिळाली नाही.